पुसून टाकण्याचा अर्ज

गल्लीच्या तोंडाशी कुलपांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. पस्तीस वर्षांत अर्ध्या गावाच्या दारांना त्यांचा हात लागला होता. लोक बाहेरगावी जाताना घराची जादाची किल्ली त्यांच्याकडे बिनधास्त टाकून जात. भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या त्या किल्ल्यांचा बाबांना जेवढा अभिमान आहे तेवढा माझाही नाही, असं त्यांची लेक म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी एक गुळगुळीत दाढीचा गृहस्थ आला. किल्ली हरवली, दार उघडून द्या म्हणाला. उस्तादांनी दिलं उघडून. घर त्याचं नव्हतंच! त्याने ते धुऊन नेलं आणि पोलिसांनी धरलं उस्तादांना. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, आणि देशभरातल्या गुन्हेगारांचा डीएनए जिथे साठवतात तिथे त्यांचाही जाऊन बसला. खरा चोर दोन महिन्यांत सापडला, न्यायालयाने उस्तादांना निर्दोष सोडलं. माणूस सुटला, डीएनए तिथेच राहिला.

आता गंमत बघा. कुठेही घरफोडी झाली की पोलीस कुलपावरचा नमुना घेणार, संगणक इमानेइतबारे उस्तादांचं नाव सांगणार आणि हवालदार दुकानात हजर होणार.

"साहेब, ते कुलूप मीच बसवलंय. माझा नाही तर कुणाचा हात लागणार त्याला?"

"ते खरं हो. पण नाव आलंय ना तुमचं. यावं तर लागेल."

"आणि चोराचं नाव?"

"तो हातमोजे घालून आला होता."

कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय! असं पाच वेळा झालं. त्यातली एकही चोरी त्या संगणकाने उकलली नाही.

पाचव्या वेळी हवालदार आला तेव्हा दुकानात शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या. अकरा वर्षं त्यांची किल्ली उस्तादांकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आणि नजर चुकवत म्हणाल्या, "भाचा येतोय राहायला, त्याला किल्ली लागेल." उस्तादांनी खिळ्यावरून काढून दिली. बाईंना भाचा नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी उस्ताद जेवले नाहीत. भिंतीवर आता चारच किल्ल्या उरल्या होत्या.

निर्दोष सुटलेल्याने अर्ज केला तर त्याची नोंद पुसावी, असा नियम आहे. तो लेकीने शोधून काढला आणि अर्जही तिनेच लिहिला. ठाणं म्हणे प्रयोगशाळेत जा. प्रयोगशाळा म्हणे न्यायालयाचा कागद आणा. न्यायालयातला कारकून म्हणे, आधी ठाण्याचा शिक्का हवा. दोन वर्षं हेलपाटे घालून बापलेकीच्या नाकीनऊ आले. नियम करणाऱ्याने आयुष्यात कधी रांगेत उभं राहून पाहिलं नसावं.

"बाबा, एकदा तरी ओरडा ना कुणावर!"

"ओरडलो तर तेही लिहून ठेवतील."

शेवटी एकदाचं पत्र आलं: अर्ज मंजूर. उस्ताद इस्त्रीचा सदरा घालून लेकीबरोबर प्रयोगशाळेत गेले. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी हसून खुर्ची दिली, फाईल चाळली आणि एक पाकीट फाडलं. आत कापसाची काडी.

"ही नोंद तुमचीच आहे याची खात्री केल्याशिवाय पुसता येत नाही. नमुना द्यावा लागेल."

"आणि या नमुन्याचं काय होतं?" लेकीने विचारलं.

"त्याची नोंद होते. प्रत्येक नमुन्याची होतेच."

"म्हणजे जुनी पुसायला नवी द्यायची? मग नवी कोण पुसणार?"

"त्याला वेगळा अर्ज असतो," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

उस्तादांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. खुर्चीचे हात घट्ट धरून ते अर्धवट उठले. ओरडायला म्हणून त्यांनी भला मोठा आ केला.

"हां, अस्संच ठेवा," म्हणत बाईंनी काडी आत घातली आणि गालाच्या आतून फिरवून घेतली.