आईला मावशीकडे नेण्याचा बेत

म्हातारं माणूस एका दिवसासाठी बाहेर न्यायचं असेल तर गाडीच्या आधी संयमाची सोय करून ठेवावी. माझ्याकडे तो कधीच नव्हता. मी शाळामास्तरीण. चाळीस-चाळीस पोरी सहलीला नेऊन, मोजून, एकही न हरवता परत आणलेली बाई. पण एकटी आई काही मला धड नेता येईना.

त्या वेळी प्रताप नगरात आम्ही दोघीच राहत होतो. आईच्या खुब्याचं हाड मोडून दीड वर्ष झालं होतं. काठीच्या आधाराने ती न्हाणीपर्यंत जायची, त्यापुढे नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, पारशिवनीच्या पुढे एका खेड्यात सुनेजवळ होती. मुलगा कोराडीला कामावर, आठवड्यातून एकदा घरी यायचा. मावशीला अर्धांगवायू झाला होता, उजवी बाजू पूर्ण गेली होती. दोघी बहिणींनी दोन वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. फेब्रुवारीत सुनेचं पत्र आलं की सासूबाई आता फार दिवस काढतील असं वाटत नाही, तुमच्या आईचं नाव सारखं घेतात. आईने ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं.

"मले एकदा नेऊन दे वं," ती म्हणाली. "बाईले पाहतो अन् येतो."

ती बहिणीला बाई म्हणायची. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं, पण गाडी हळू चालवायची, ऊन चढायच्या आत पोचायचं, दर तासाला थांबायचं आणि मुख्य म्हणजे पाणी पाजत राहायचं, असं बजावून सांगितलं. रक्तदाबाची गोळी चालू होती, अंगातलं पाणी कमी झालं तर चक्कर येईल म्हणाले. मी त्यांच्यासमोरच सगळं वहीत लिहून घेतलं.

मग मी कामाला लागले. एका रविवारी एसटीने स्वतः त्या रस्त्याने जाऊन आले. कन्हानच्या पुलापलीकडे सावली कुठे आहे, गाडी बाजूला कुठे घेता येईल, मावशीच्या ओसरीला पायऱ्या किती, हे सगळं पाहिलं. पायऱ्या तीन, त्याही उंच. सुनेला सांगून तिथे फळी टाकायची व्यवस्था केली. जाता-येता एकही संडास नव्हता, खेड्यातही नव्हता, आणि आईला खाली बसता येत नव्हतं. म्हणून सुताराकडून एका जुन्या लाकडी खुर्चीची बैठक मधोमध गोल कापून घेतली, खाली पातेलं बसेल अशी. चारही बाजूंनी धरायला दोन जुन्या चादरी घेतल्या. खुर्ची घरी आली तेव्हा आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"ते गाडीवर बांधून नेशील?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. "सारा मोहल्ला पाहीन."

"पोत्यात घालून नेईन."

"मले गरज नाही पडणार त्याची."

गरज नाही पडणार म्हणजे काय, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. मला वाटलं नुसता हट्ट आहे. हट्टाची मला सवय होती.

ठरल्याप्रमाणे सहाला निघायचं होतं. सहा वाजता भाड्याची अ‍ॅम्बेसेडर फाटकात उभी, ड्रायव्हर उभा, मी उभी, आणि आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सांबारवड्या तळत होती. बाईला आवडतात म्हणून पहाटे चारला उठून, मला न उठवता, तिने सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. मावशीला घट्ट काही गिळता येत नाही, ती वडी कशी खाणार, असं मी म्हटलं. बाई खाईन न खाईन, वास तर घेईन, असं तिचं उत्तर. निघेपर्यंत पावणेआठ झाले आणि माझं वेळापत्रक तिथेच चुलीत गेलं.

गाडीत मी तिला पहिला पेला दिला. तिने ओठाला लावून परत केला. कामठीला पुन्हा दिला, "झाली पिऊन" म्हणाली आणि मी खिडकीबाहेर पाहत असताना तो पायाशी ओतला. पायदान ओलं झालेलं मी नंतर पाहिलं. कन्हानला मी गाडी थांबवली, चहा घेऊन दिला, तो तिने ड्रायव्हरला दिला. मी चिडले की ती डोळे मिटून घ्यायची. पुढे ऊन काचेतून आत यायला लागलं, गाडी तापली आणि तिचं बोलणं थांबलं. आई गप्प बसली तेव्हा मला बरंच वाटलं, हे मी कबूल करते.

ड्रायव्हरनेच आरशातून पाहिलं. "बाई, माताजीची तब्येत ठीक नाही दिसून राहिली."

तिची मान एका बाजूला कलली होती. ओठांवर पांढरी साय धरली होती आणि हात गार पडला होता. आम्ही गाडी एका गव्हाच्या वावराशेजारी लिंबाखाली घेतली. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखर घातलेला पेला तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत हात काढला नाही. दोन पेले गेल्यावर तिने डोळे उघडले.

"कधीपासून पाणी नाही प्यायलीस?" मी विचारलं.

"काल दुपारपासून."

मला एवढा संताप आला की मी त्या वावराच्या बांधावर उभी राहून ओरडले. महिनाभर मी राबले, खुर्ची कापून आणली, पायऱ्या मोजल्या, आणि ही बाई कालपासून कोरडी. इथेच काही झालं असतं तर तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवलं असतं, असंही बोलले. आता परत फिरायचं, असं मी ड्रायव्हरला सांगितलं. तो बोनेटला टेकून उभा राहिला.

"काहून ओरडून राहिली?" आई म्हणाली. "पाणी पेलं की जा लागते. तुले काय मालूम."

मग तिने मला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी अंगावर पिणारी असताना ती एसटीने बहिणीकडे निघाली होती. रस्त्यात तिने दोनदा कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. तो हसला, आणि पुढे बसलेली माणसंही हसली. पारशिवनीला उतरेपर्यंत तिचं लुगडं ओलं झालं होतं. मावशी स्टँडवर घ्यायला आली होती. तिने काही विचारलं नाही. माझ्या आईच्या मागे अगदी चिकटून, स्वतःचा पदर आडवा धरून, ती घरापर्यंत चालत गेली. तेव्हापासून आई प्रवासात पाणी पीत नव्हती. लग्नं, मयती, दवाखाने, सगळे प्रवास तिने असेच कोरडे काढले होते आणि मला पस्तीस वर्षांत ते कळलं नव्हतं.

माझा राग कमी झाला असं नाही. पण आता तो धरायला माणूस सापडेना. मी पोत्यातली खुर्ची काढली, वावरात सपाट जागा पाहून ठेवली, भोवती चादरी धरल्या. ड्रायव्हर न सांगता रस्त्यापलीकडे लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. आई बसली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आता पुढं ने." मी तिला आणखी एक पेला दिला, तो ती गुमान प्यायली, आणि आम्ही पुढे गेलो.

मावशी ओसरीमागच्या खोलीत खाटेवर होती. फळीवरून आईला आत न्यायला सुनेला आणि मला दहा मिनिटं लागली. मी आईला खाटेच्या कडेला बसवलं. मावशीने डावा हात उचलला, आईने तो दोन्ही हातांत धरला. मग आईने वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. जीभ कोरडी, ओठ फुटलेले.

"हिनं पाणी काहून नाही पेलं?" आईने सुनेला विचारलं.

सून रडकुंडीला आली होती. "काल संध्याकाळपासून तोंड मिटून आहेत. पाव्हणे येऊन राहिले, त्यांच्यापुढं मले उचलू नको म्हणतात. मी तरी काय करू?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. एका दिवसात एका घरातल्या दोन बायका. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोघींना एकेक थापड द्यावी असंही वाटत होतं.

आईने चमचा मागवला. "बाई, पे," ती म्हणाली. "मी आत्ता वावरात बसून आली. गव्हात." मावशीचं अर्धं तोंड हसलं. आई चमच्याचमच्याने पाजत राहिली, मधे तिच्या हनुवटीवरचं ओघळणारं पाणी पदराने पुसत राहिली. तासाभराने मावशी अस्वस्थ झाली आणि तिने डोळे घट्ट मिटले. सुनेने आणि मी तिला उचलून खाटेशेजारच्या भांड्यावर धरलं. तिचं वजन काहीच नव्हतं. आई जागची हलू शकत नव्हती, म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी नाही पाहून राहिली, बाई," ती म्हणत होती. "मी इकडं भिंत पाहून राहिली." पण मावशीचा डावा हात तिने सोडला नव्हता.

दोनला निघायचं ठरलं होतं. निघालो पाचला. परतीच्या वाटेत आईने चारदा गाडी थांबवायला लावली, आणि चौथ्यांदा मी पुन्हा चिडलेच.

होळीनंतर महिन्याभराने मावशी गेली. आईला तिथे नेणं शक्य झालं नाही. तेरवी आटोपल्यावर सून आम्हाला भेटायला प्रताप नगरात आली. खूप थकलेली होती. आईसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही येऊन गेल्यापासून लय सतावलं त्यांनी मले. दिवसातून सहा-सातदा हाक मारत. पाणी दे म्हणे, अन् मंग उचल म्हणे. हातचं काम टाकून धावा लागे. मी वैतागत होती. बोलली बी एकदोनदा." एवढं बोलून ती रडायला लागली.

आईने तिला समजावलं नाही. तिचा दंड घट्ट धरून ती म्हणाली, "मागत होती ना? बरं झालं, माय."