मांदेली आणि तुरीची शेंग

माझी लेक संगणकाला मासे ओळखायला शिकवते आहे. काल तिने पडद्यावर वाकटीचा फोटो टाकला. लांब, चपटी, रुपेरी. संगणकाने उत्तर दिलं, ‘कमरेचा पट्टा’.

मी हसले, तशी ती म्हणाली, "त्याने आधी पट्टे, पानं, पक्षी असले लाखो फोटो पाहिलेत ना. जुनं कधीकधी असं आड येतं."

"मग काहीच न पाहिलेल्या कोऱ्या संगणकालाच शिकव की."

"तेही करून पाहिलं, आई. कोऱ्याला फार वेळ लागतो. आधी काही पाहिलेला थोडक्या फोटोंत शिकतो."

मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी अमरावतीकडच्या शेतातून रत्नागिरीत आले होते. टोपलीतली वाकटी बघून "साप!" म्हणून ओरडले आणि सगळं घर हसलं. मागच्या दारी बसून मी रडले. आता माहेरचं सगळं पुसून कोरं व्हायचं, असंच वाटलं.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "तुमच्याकडे काय पिकतं गो?"

"तूर, कापूस."

"मग ही मांदेली बघ. तुरीच्या शेंगेएवढीच, फक्त सोनेरी. आणि पापलेट म्हणजे पिंपळाचं पान."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंबरोबर बाजारात गेले, तेव्हा मी आपण होऊन मांदेली ओळखून दाखवली. कोळीण म्हणाली, "सून हुशार हाय तुमची."

सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या, "शेतकऱ्याची लेक आहे ती."