झोपाळ्यावरचा हिरवा चुडा

काय सांगू तुम्हाला, माणूस अडाणी असला तरी चालतं, पण अर्धवट शहाणा असू नये! मी एकदा तसा झालो होतो. चहा निवला तरी चालेल, पण ऐका. मला भरभर बोलता येत नाही.

मी धंद्यानं कासार. अर्धं आयुष्य बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन आंबिवली, खडवलीकडची गावं तुडवली. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा कल्याणात राहत्या घराच्या ओटीवर दुकान मांडलं. मांडलं खरं, पण बाया काही येईनात! समोरून देवीला जायच्या, पण मान वळवायच्या नाहीत. असंच चाललं असतं, तर श्रावणात ओझं पुन्हा पाठीवर आलं असतं. नुसत्या विचारानं माझ्या गुडघ्यांना घाम फुटायचा.

अशात मुंबईहून माल पुरवणारा दलाल आला. दुकानाकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"मामा, गिऱ्हाईक पायांनी येत नाही, डोळ्यांनी येतं. ही सगळ्या रंगांची खिचडी कशाला? एकच रंग मांडा. नजर तिथं अडकली पाहिजे."

"कुठला रंग?"

"हिरवा! हिरवा बघितला की बाईमाणसाचं मन फुलतं. आणि बांगडी खुंटीला टांगू नका, हातात दाखवा. जे हलतं, तिकडं नजर जाते."

एवढं सांगून हिरव्या बांगड्यांची तीन खोकी माझ्या गळ्यात मारून तो गेला.

मी दोन दिवस विचार केला. मी विचार करायला लागलो की आमच्या घरातली माणसं घाबरतात, ती उगाच नाही.

शुक्रवारी सकाळी ओटीवर झोपाळा बांधला. कड्यांना आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा गुंडाळल्या. मग आमच्या मंडळींना म्हटलं, "हिरवं लुगडं नेस, हिरवी चोळी घाल, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरतो. केसांत गजरा माळ आणि झोपाळ्यावर बस. हळूहळू झोके घे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. चाळिशीला टेकलेली बाई! लेकीचा मुलगा दुडुदुडू चालायला लागलेला.

"अहो, लोकांना काय वाटेल?"

"वाटेल, दुकानात माल चांगला आहे!"

ती काहीतरी बोलणार होती. मी उठताना गुडघा धरला, तो तिनं पाहिला. निमूटपणे झोपाळ्यावर जाऊन बसली, बिचारी.

आणि काय हो चमत्कार! शेजारच्या विठाकाकू देवीला निघाल्या होत्या, त्या जागीच थबकल्या. नजर अडकली! मी मनात म्हटलं, वा रे दलाला!

विठाकाकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई! भाऊजी, ह्या वयात हे सुचलं कसं तुम्हाला?"

मी छाती फुगवून म्हटलं, "मला कुठलं सुचायला? मुंबईच्या दलालानं सांगितलं!"

काकू पळतच सुटल्या. अर्ध्या घटकेत आळीतल्या सगळ्या बाया ओटीवर! कुणी चिंचा आणल्या, कुणी आवळे, कुणी पेढे. मला भरून आलं. गिऱ्हाईक दुकानदारासाठी खाऊ घेऊन येतं, असं कधी ऐकलंय का तुम्ही?

"या, बसा! हात पुढं करा!"

मी बांगड्या भरत सुटलो. एक हात झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. बाया गाणी म्हणत होत्या, मीही मान डोलवत होतो. झोपाळ्यावरून बायको मला कसल्यातरी खुणा करत होती. मला वाटलं, दमली असेल. मी खुणेनंच सांगितलं, थोडा वेळ, थोडा वेळ!

तिसरं खोकं उघडलं, तेवढ्यात बैलगाडी थांबली. आंबिवलीच्या आमच्या विहीणबाई! बातमी तिकडे कशी पोचली, देव जाणे. कमरेवर हात ठेवून त्या खाली उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा, आमचा नातू चालायला लागला, आणि आता त्याला मागाहून मामा होणार का?"

माझ्या हातातली बांगडी हातातच राहिली.

हिरवं लुगडं. हिरवा चुडा. गजरा. सजवलेला झोपाळा. चिंचा. गाणी. अरे देवा! हजार घरी डोहाळजेवणाला जाऊन बांगड्या भरलेला मी कासार, आणि स्वतःच्या ओटीवर स्वतःच्या बायकोचं डोहाळजेवण मांडून बसलो तरी मला कळेना!

बरं, डोहाळजेवणाला आलेल्या सवाशिणींच्या हातांत बांगड्या कुणाच्या खर्चानं भरायच्या? यजमानाच्या! रीतच आहे आपली. बाया तोंड भरून आशीर्वाद देऊन निघून गेल्या. तिन्ही खोकी रिकामी!

मी रिकामं खोकं बाजूला सारलं. "अगं, तू बोलली का नाहीस?"

"खुणा केल्या की!" ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली. "आणि खरं सांगू? इतक्या हौसेनं बांगड्या भरताना तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. मग म्हटलं, भरू देत."

दुसऱ्या दिवशी तिनंच घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. आठ दिवस आळी हसत होती. पण हसायला म्हणून बाया दुकानावर यायच्या, आणि नुसतं हसून रिकाम्या हातानं परत जाणं बरं दिसत नाही, म्हणून चार बांगड्या भरून जायच्या. लाल, पिवळ्या, काळ्या, कुठल्याही! श्रावणात मला बसल्या जागेवरून उठायला फुरसत नव्हती.

आता एकच पंचाईत राहिली. खाडीपलीकडच्या गावांत अर्धीच बातमी पोचलीय. अजूनही एखादी म्हातारी बाजारात गाठते आणि विचारते, "कासारदादा, तुमचं ते उतारवयातलं बाळ कसं आहे हो?"

मी हळू बोलणारा. सगळं समजावून सांगेपर्यंत तिची गाडी निघून जाते. म्हणून हल्ली मी एवढंच सांगतो, "बरं आहे. मोठं झालं, पण अक्कल बेताचीच. दुकानावर बसतं, आणि बायकोला विचारल्याशिवाय काही करत नाही."