शेजारच्या खाटेवरची बाई

मैत्रिणींनो, माझं सिझेरियन झालंय, पण दूध अजून उतरलेलं नाही. आज सकाळी नंदुरबारच्या दवाखान्यात बाळ भुकेनं रडत होतं. माझी आई येशूकडे प्रार्थना करत होती.

"ज्यानी दिधं, तो उपाशी ठेवाव नही," ती म्हणाली.

मी चिडले. "प्रार्थनेनं दूध येतं का?"

शेजारच्या खाटेवर धडगावकडची बाळंतीण होती. तिला आमची भाषा येत नव्हती. तिनं सिस्टरला खुणेनं विचारलं, सिस्टरनी होकार दिला, तसे तिनं माझ्याकडे हात पुढे केले. बाळ तिच्या कुशीत पोटभर प्यायलं आणि झोपलं.

आईचे डोळे पुन्हा मिटलेले. मी विचारलं, "आता कशाला?"

"आते तिन्हासाठे करस."

मग मीही त्या बाईसाठी डोळे मिटले. तुमच्याही काळजीत देवानं असं कुणाला पाठवलंय का?