जेवणाच्या टेबलांचा नकाशा

अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसायची, पदर कमरेला खोचायचा आणि मेसमधल्या टेबलांमधून एक चक्कर मारायची. आमच्या मॅडमची संध्याकाळ अशी सुरू व्हायची. मुलींना वाटायचं, कोण अन्न टाकतंय ते बघताहेत, म्हणून त्या घाईघाईने ताटातलं सांबार संपवायच्या. मॅडमचं सांबाराकडे लक्षच नसायचं. कोण कुणाशेजारी बसलंय ते त्या एका छोट्या वहीत टिपून घेत असायच्या.

चेन्नईत, अड्यारच्या थोडं पुढे आमचं विद्यापीठ आहे. नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसाठी, पहिलं सत्र सुरू होण्याआधी, उन्हाळ्यात चार आठवड्यांचा वर्ग भरतो. लहान गावांतून येणाऱ्यांना शहराची, इंग्रजीची आणि गणिताची सवय व्हावी हा त्यामागचा हेतू. गणित माझ्याकडे होतं. मुलींचं राहणं, खाणं, आजारपण आणि रुसवेफुगवे मॅडमकडे. खरं सांगायचं तर अवघड काम त्यांचंच होतं. गणित जमत नाही म्हणून बॅग भरून निघालेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही, पण खोलीतली दुसरी मुलगी बोलत नाही म्हणून निघालेल्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

अशी मुलगी ऑफिसात आली की मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "तीन दिवस थांब. मग सांग." जेवण आवडत नाही, तीन दिवस थांब. झोप येत नाही, तीन दिवस थांब. घरी जायचंय, तीन दिवस थांब. एकदा मी त्यांना विचारलं, "मॅडम, दुसऱ्या मजल्यावरचा नळ गळतोय, त्यालाही तीन दिवस का?" त्या अजिबात हसल्या नाहीत. "नळाला आत्ता. तीन दिवस माणसाला," म्हणाल्या आणि प्लंबरला फोन लावला.

त्या तंजावरकडच्या मराठी. घर चेन्नईतच, मैलापूरला, पण त्या चार आठवड्यांत वसतिगृहातच मुक्काम. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी, नाशिकहून आलेली शहाणी, मनातल्या मनात हसले होते. अर्धं जुन्या बखरीतलं, अर्धं मैलापूरच्या भाजीबाजारातलं. 'आहे'ला 'अहे' म्हणायच्या, 'कुठे'ला 'कोठे', आणि मध्येच 'सरि सरि', म्हणजे बरं बरं, म्हणून मान डोलवायच्या. त्यांनाही माझं मराठी विचित्रच वाटत असणार. "टीचर, तुम्ही फार जोरात बोलता. भांडण अहे म्हणून वाटतं," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं.

एकदा कॉफी पिता पिता त्या सहज बोलून गेल्या. मुलगा तमिळमध्ये बोलतो, नातू इंग्रजीत. "घरात मराठी आता देवाजवळच बोलते. देव परत बोलत नाही की." हे सांगून त्या पुन्हा पंख्यांच्या दुरुस्तीकडे वळल्या. मला मात्र आपण हसलो होतो त्याची लाज वाटली.

खोल्या वाटण्याची त्यांची एक पद्धत होती. एका भाषेच्या दोघी एका खोलीत ठेवायच्या नाहीत. आईवडील फोन करून विनवण्या करत, ओळखी काढत. मॅडम बधायच्या नाहीत. "एक भाषा झाली की दार लावून बसतात. बाहेर येत नाहीत," हे त्यांचं म्हणणं. आणि त्यांचं बरोबर असायचं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत ओडिशाची मुलगी मदुराईच्या मुलीची वेणी घालत असायची. वहीत टेबलांचे चौकोन असत, चौकोनांत नावं, आणि नावानावांमधल्या रेघा रोज वाढत जायच्या. मी त्या वहीला 'पंगतीचा नकाशा' म्हणून चिडवायची.

इतका कडक नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो मोडायला मी त्यांना भरीस घातलं हे कबूल केलं पाहिजे.

त्या वर्षी हिंगोलीकडच्या एका खेड्यातून शुभांगी नावाची मुलगी आली. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. इंग्रजी पुस्तकात वाचलेलं, तमिळ कधी कानावरही पडलेलं नाही. वडील तिला सोडून गेले तेव्हा ती फाटकाला धरून उभी होती. मॅडमनी जवळ जाऊन विचारलं, "काय गे, जेवलीस की?" मुलीने असं वळून पाहिलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "मॅडम, हिला तुमच्या शेजारची खोली द्या. बिचारीला दोन शब्द बोलायला मिळतील." त्या एक क्षण घुटमळल्या. मग यादीतलं नाव खोडून त्यांनी तिला शेजारची खोली दिली.

त्यानंतरचे दोन आठवडे मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. सहा वाजले की दोन टंबलर कॉफी घेऊन दोघी पायरीवर. एकीचं हिंगोलीचं मराठी, दुसरीचं तंजावरचं. ती हिला ठेचा कसा करतात ते सांगे, ही तिला दह्यातली पच्चडी. मध्ये शब्द अडला की दोघी हसत सुटत. पेन्सिल अंबाड्यातच राहून जाई. मॅडम दहा वर्षांनी तरुण दिसायला लागल्या होत्या, आणि मी तसं म्हटलं तर लाजल्यासुद्धा.

तिसऱ्या सोमवारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि वही पुढे टाकली. "बघा टीचर." मी बघितलं. सगळ्या नावांमधून रेघाच रेघा. शुभांगीच्या नावापासून निघालेली रेघ एकच, आणि ती कोपऱ्यात लिहिलेल्या 'मी'पाशी पोचत होती.

त्याच दुपारी शुभांगीने त्यांना सांगितलं होतं की वर्ग संपला की ती परत जाणार. घराजवळच्या कॉलेजात वडिलांनी तिची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. सत्र सुरू झाल्यावर तिला मोठ्या वसतिगृहात जावं लागणार होतं आणि तिथे मॅडम नव्हत्या. "तुम्ही नसाल तर मला तिथे कोण आहे?" असं तिने विचारलं होतं. तिच्या गावातून इतक्या लांब शिकायला आलेली ती पहिलीच मुलगी. परत गेली असती तर मागच्या मुलींचंही दार बंद झालं असतं.

"चूक माझी अहे," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, माझी. "तुमची पण," त्यांनी लगेच मान्य केलं. मग हातातला टंबलर खाली ठेवला. म्हणाल्या, "उद्यापासून मी तिच्याशी मराठी बोलणार नाही. तुम्ही पण नको. आणि का म्हणून तिला सांगायचं नाही. सांगितलं तर ती माझी समजूत घालत बसेल, आणि मी ऐकेन." मी तसं वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी शुभांगीचं सामान तिसऱ्या मजल्यावर गेलं. खोलीत एक रामनाथपुरमची, एक मणिपूरची. ती मराठीत काही विचारायला आली की मॅडम तमिळमध्ये उत्तर देत. "साप्पिडु, कण्णा," म्हणजे जेव, बाळा, आणि मान पुन्हा कागदात. मुलीचा चेहरा पडायचा. ती मला येऊन म्हणाली, "मॅडम बदलल्या." मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. इतकं हलकट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

आणि मॅडमचं काय? दोन आठवडे उघडा ठेवलेला नळ एकदम बंद करता येत नाही. सहा वाजले की त्या माझ्याकडे येत आणि सगळं मराठी माझ्या अंगावर ओतत. वांग्याचे प्रकार, सुनेचे प्रकार, आत्याच्या लग्नातली पंगत. मी प्रश्नपत्रिका काढतेय याचं त्यांना काही नाही. बोलता बोलता मात्र खुर्ची अशी सरकवून घेत की खिडकीतून मैदान दिसावं. तिथे शुभांगी एकटीच कठड्यावर बसलेली असायची. एकदा त्या बोलायच्या थांबल्या, आणि मी बघितलं तर पदराने चष्मा पुसत होत्या. मी प्रश्नपत्रिकेत डोकं घातलं.

आठवडा गेला. एका सकाळी ऑफिसात आरडाओरडा झाला. शुभांगी आणि रामनाथपुरमची मुलगी एकच बादली दोन बाजूंनी धरून आत आल्या. बादली कुणाची यावरून जुंपली होती. शुभांगी तावातावाने ओरडत होती, "एन्नोड बक्केट! माझी! मॅडम, शी इज लायर!" दुसरी तमिळमध्ये तिचा उद्धार करत होती आणि मणिपूरची मुलगी मध्ये उभी राहून इंग्रजीत शांतता प्रस्थापित करत होती. मॅडमनी तिघींना खोटं खोटं रागावून बाहेर काढलं. दार लागलं तशी त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल उपसली. "भांडली टीचर! नीट भांडली! आता ही जात नाही," म्हणत त्यांनी वहीत दोन जाड रेघा मारल्या, आणि त्या दिवशी पूर्ण ऑफिसला केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, खाऊ घातला.

शुभांगी गेली नाही. ज्या दिवशी ती मोठ्या वसतिगृहात गेली, त्या दिवशी तिने मॅडमना वाकून नमस्कार केला, पण एक शब्द बोलली नाही. मॅडमही बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं आता तरी सांगतील. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि मुलाच्या बदलीबरोबर कोइंबतूरला गेल्या. आता ते काम एक तरतरीत तरुणी पाहते. खोल्या संगणक वाटतो, तक्रारींचा फॉर्म मोबाइलवर भरायचा असतो. चांगलं चाललं आहे. फक्त जेवताना कुणी टेबलांमधून फिरत नाही.

परवा शुभांगी जिन्यात भेटली. तिसऱ्या वर्षाला आहे, मागेपुढे चार मैत्रिणी. त्यांना पुढे पाठवून ती थांबली आणि म्हणाली, "एक विचारू? त्या उन्हाळ्यात मॅडमना माझा कसला राग आला होता?"

मी वचन दिलं होतं. ते तिथेच, जिन्यात मोडलं. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "नंबर द्या."

फोन लागला तेव्हा मॅडमचा आवाज मला बाजूला उभं राहूनसुद्धा ऐकू येत होता. नाव सांगताच त्या तमिळमध्ये सुरू झाल्या, आणि शुभांगीही सफाईने तमिळमध्ये उत्तरं देत गेली. अभ्यास, तब्येत, परीक्षा. मग ती थांबली.

"मॅडम, टीचरनी मला सांगितलं. आता बोला ना मराठीत. माझी इथे पुष्कळ माणसं झालीत."

पलीकडून मॅडमचं मराठी ऐकू आलं.

"त्या टीचरच्या पोटात काही राहात नाही." आणि मग, "तू उभी अहेस की? कोठे तरी बैस गे. मला पुष्कळ बोलायचं अहे."

शुभांगी जिन्याच्या पायरीवर बसली.