घर लांब चाललंय

"शब्द हाये आपला," असं म्हणून तो गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मंचरच्या शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाड्या विकणारा हा आमच्या डिंगोरे गावातला माझा शेजारी. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल: माल कंपनीचा, पण शब्द स्वतःचा गहाण ठेवणारा.

मला गाडी त्यानंच विकली. जनावरांच्या औषधांची माझी फिरती पार तळेघरपर्यंत. "फुल चार्ज करा, तळेघरला जाऊन या, घरी येऊन जेवा. वाटंत थांबली तर मला जोड्यानं हाणा." स्वतःलाही त्यानं तसलीच गाडी घेतली.

काही वर्षांनी तळेघरहून परतताना त्याची गाडी जुन्नर यायच्या आधीच थांबली. गाडीच्या पडद्यावर मात्र घर गाठून उरेल असा किलोमीटरचा आकडा. कंपनी म्हणाली, बॅटरी ठणठणीत आहे. त्यानं वाद घातला नाही. गाडी थांबली तिथलाच एक दगड पांढरा रंगवून रस्त्याकडेला उभा केला.

मग नादच लागला. सुट्टीला फुल चार्ज करून तळेघरला जायचा, परतताना गाडी थांबेल तिथे दगड. दर वेळी दगड डिंगोऱ्यापासून आणखी दूर. "घर लांब चाललंय, राव," तो हळूच म्हणायचा. मी हसायचो. पुढे पुढे हसू येईना.

आपल्या लोकांचं तुम्हाला ठाऊकच आहे. दगडांना शेंदूर लागला, नारळ फुटले, घाटात जीपवाले हॉर्न देऊन जाऊ लागले. हा कपाळाला हात लावायचा. "आरं, द्येव न्हाई त्यो, बॅटरी हाये!"

नव्या गिऱ्हाइकाला तो आता गाडीआधी दगड दाखवायला नेई. "म्हशीवानी आटती बॅटरी. कंपनी सांगत न्हाई, मी सांगतो." शोरूमनं त्याला काढून टाकलं. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. "माज्या शब्दावर मान्सं घाटात जात्यात. कंपनीनं एकदा खरं बोलावं, बास," एवढंच म्हणाला.

गेल्या थंडीत तो झोपेतच गेला. त्याच्या बायकोनं रंगाचा डबा भंगारात दिला, तेव्हा मी तिथेच होतो. आतला रंग वाळून खडक झाला होता.

परवा दुपारी मी तळेघरहून परतत होतो. पडद्यावर घर सहज गाठेल असा आकडा. त्याचा शेवटचा दगड अजून यायचा होता, आणि एका चढावर गाडी थांबली. खाचरं रिकामी, वाऱ्याचा पत्ता नाही. उतरलो, तर चाकाशेजारी एक दगड उभा. पांढरा. शेंदूर नाही, नारळ नाही. हात लावला तर बोटांना ओला रंग लागला. अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, डोळेही भरून आले.

कंपनीचा माणूस गाडी ओढून न्यायला आला. "सर, बॅटरी तर ओके दाखवतीय."

"त्या दगडाला हात लाव," मी म्हणालो, आणि दगड कुणाचा ते सांगितलं.

त्यानं हात लावला. बोटं पँटला पुसली, पुन्हा पुसली. रंग जाईना.

"आटते, सर," तो पुटपुटला. "आम्हाला सांगायची परवानगी नाही."

"जरा मोठ्यानं बोल," मी म्हणालो. "त्याला ऐकू जाऊ दे."