माळवद उतरवायला चार माणसं

वाचनालयातल्या मंडळींनो,

सकाळी घडलेलं मनातून जाईना, म्हणून हा कागद आपल्या फळ्यावर लावतोय.

माझ्या घराचं मातीचं माळवद यंदा तीन ठिकाणी गळलं. बहात्तरच्या दुष्काळात पाऊसच नव्हता, म्हणून वर नवी माती टाकायची राहिली, ती राहिलीच. आता ते उतरवून पत्रे घालायचं ठरवलंय.

आज दोन गवंडी येऊन बघून गेले. दुसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा चारशे रुपयांनी कमी. मला संशय आला. काम तेच, पत्रे तेच, मग कमी कसं, असं मी सरळ विचारलं.

"माती उतरवायला मजूर धरलं न्हाईत," तो म्हणाला. "घरची चार माणसं असतील की?"

"आहेत की," मी म्हणालो.

तो गेला आणि मी उंबऱ्यावरच बसलो. त्या दुष्काळाआधी दरवर्षी माती टाकायला आम्ही चौघं वर चढायचो. मी, ही आणि दोन मुलं. त्या सवयीनं बोलून गेलो. ही जाऊन दोन वर्षं झाली. मुलं पुण्याला असतात. यायला जमत नाही म्हणतात, खरंही असेल.

रविवारी सकाळी काम सुरू होईल. घमेली मी आणून ठेवतो, चहा-पोहे माझ्याकडे. तुमच्यातले चौघं याल का?

आणि लपवत नाही, पहिल्या गवंड्याला द्यायला पैसे आहेत माझ्याजवळ. तरी विचारतोय.